बारीक अक्षरातला सोम

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, किरगिझस्तानच्या नोटा, त्या कोलकात्यात बसून, आणि वर मराठीत? होय, तसंच आहे. मी कोलकात्यात राहतो, नोटा जमवतो, आणि माझ्या संग्रहात मला सर्वांत जवळचा कप्पा कुठला असं विचारलंत तर तो १९९३ आणि १९९४ च्या किरगिझ नोटांचा आहे. व्हिडिओत त्या कॅमेऱ्यासमोर धरता आल्या. इथे पुस्तकात शब्दांवर भागवायचं आहे, म्हणून वर्णन थोडं जास्त येईल.

पण आधी तुमच्या खिशातली एक नोट काढा. दहाची, शंभरची, कुठलीही. मागच्या बाजूला भाषांची ती उभी पट्टी दिसते ना? त्यात १५ भाषा आहेत, इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या. मराठी आठवी. दहाच्या नोटेवर तिथे ‘दहा रुपये’ लिहिलेलं आहे. आता दुसऱ्या ओळीवर या. ती बंगाली. तिथे रुपये नाहीत. तिथे लिहिलंय ‘दश टाका’. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर, अधिकृतपणे, टाका. कोलकात्यात तर कुणी रुपया म्हणतच नाही. बसचा कंडक्टर, मासळीवाला, बँकेतला कारकून, सगळे टाकाच म्हणतात. मी इथे नवीन आलो तेव्हा मला वाटायचं ही बोलीभाषेतली सवय असेल. मग एकदा नोट उलटून पाहिली, तर ही सवय छापील होती.

पाकिस्तानच्या जुन्या नोटांवरही बंगालीत टाकाच असायचं, कारण १९७१ पर्यंत पूर्व पाकिस्तान त्या देशात होता. म्हणजे बांगलादेश झाला आणि त्याने आपल्या चलनाला टाका हे नाव दिलं, तेव्हा त्याला नवा शब्द शोधावा लागला नाही. दुसऱ्याच्या नोटेवर बारीक अक्षरात होता तोच शब्द त्याने आपल्या नोटेवर मोठ्या अक्षरात घेतला.

किरगिझस्तानचं अगदी असंच झालं. सोव्हिएत संघाची १९६१ सालची एक रूबलची नोट माझ्याकडे आहे. पिवळट तपकिरी, लहानशी, आपल्या जुन्या एक रुपयाच्या नोटेच्या भाऊबंदांतली वाटावी अशी. सोव्हिएत संघात १५ प्रजासत्ताकं होती आणि नोटेची किंमत त्या सगळ्यांच्या भाषांत लिहिलेली असे. रशियन मोठी, बाकीच्या १४ बारीक. त्या बारीक ओळींत किरगिझ भाषेतली ओळ आहे ‘बिर सोम’. बिर म्हणजे एक. रूबलला किरगिझ लोक सोमच म्हणायचे. कझाक आणि उझबेक ओळींतही त्याच शब्दाची भावंडं आहेत. या तुर्की कुळातल्या भाषांत सोम म्हणजे शुद्ध, निर्भेळ, विशेषतः शुद्ध सोनं. आपल्या सोमवाराशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर तसं काही आलं तर पुढे ढकलू नका.

मला या नोटांचं वेड लागलं ते इथून. बारीक अक्षरातल्या एका ओळीला एक दिवस अख्खी नोट मिळते. मग त्या नोटेवर काय काढायचं? शब्द तयार होता, चित्र तयार नव्हतं.

थोडा इतिहास सांगतो. किरगिझस्तान ३१ ऑगस्ट १९९१ रोजी स्वतंत्र झाला. मध्य आशियातला डोंगराळ देश, समुद्र कुठेच नाही, नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पर्वतांचा, आणि तेव्हा लोकसंख्या पंचेचाळीस लाखांच्या आसपास. राजधानीचं सोव्हिएत काळातलं नाव फ्रुन्झे होतं, ते त्याच वर्षी बदलून बिश्केक झालं. झेंडा बदलला, नाव बदललं, पण लोकांच्या खिशात पैसा रूबलच राहिला.

त्यातली अडचण समजून घ्यायची तर आपलं जुनं एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. भाऊ वेगळे झालेत, चुली वेगळ्या झाल्यात, पण तिजोरीची किल्ली थोरल्याकडे आणि वाण्याकडची उधारी मात्र प्रत्येक जण त्याच एका खात्यावर लिहितोय. १९९२ मध्ये तसं झालं. रोख नोटा छापायचं यंत्र मॉस्कोकडे, आणि कर्ज वाटायची मुभा मात्र प्रत्येक नव्या देशाच्या बँकेकडे. प्रत्येकाला वाटे, आपण थोडं जास्त उचललं तर महागाईचा बोजा सगळ्यांत वाटला जाईल. तो वाटला गेलाच. भाव असे चढले की आयुष्यभराची शिल्लक हिवाळ्याच्या कोळशाला पुरेना.

या कुटुंबातून मध्य आशियात सर्वांत आधी बाहेर पडला तो किरगिझस्तान. १० मे १९९३. दोनशे रूबल द्या, एक सोम घ्या. ज्याच्याकडे वीस हजार रूबल साठलेले, त्याच्या हातात शंभर सोम आले. शेजारी उझबेकिस्तान आणि कझाकस्तान बरेच नाराज झाले. त्यांना भीती ही, की किरगिझस्तानात निरुपयोगी झालेले रूबल आता सीमेवरून आपल्याकडे वाहत येतील. पण जुलैमध्ये खुद्द रशियानेच जुने रूबल बाद केले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये कझाकस्तानने आपला टेंगे काढला. साधारण सहा महिन्यांत हे दोन्ही शेजारीही त्याच वाटेला लागले.

आता नोटांकडे येऊ.

सगळ्यात धाकट्या तीन नोटा आहेत तियिनच्या. शंभर तियिन म्हणजे एक सोम. १, १० आणि ५० तियिन अशा तीन. त्या इतक्या छोट्या आहेत की पहिल्यांदा पाहणाऱ्याला खेळातल्या नोटा वाटतात. मध्यभागी गरुड आणि मागे नक्षीकाम. काही इंग्रजी कॅटलॉगांत या पक्ष्याला टकल्या गरुड म्हटलंय, म्हणजे अमेरिकेच्या राजचिन्हावरचा. मला ते पटत नाही. किरगिझ शिकारी पिढ्यान्‌पिढ्या हातावर घेऊन हिंडतात तो सोनेरी गरुड, त्यांचा ‘बुर्कुत’. अमेरिकन गरुड त्यांच्या डोंगरात कुठून येणार?

तियिन हा शब्दही गमतीचा आहे. किरगिझ भाषेत खारीला याच नावाने ओळखतात. थंड प्रदेशात एकेकाळी खारीचं कातडं हेच चलन होतं आणि त्यावरून सुट्या पैशाला हे नाव पडलं असं सांगतात. आपल्याकडे कवडी होती, त्यांच्याकडे खार.

सुटे पैसे कागदाचे का? कारण नाणी पाडायला टांकसाळ लागते, धातू लागतो, साचे लागतात, आणि वेळ लागतो. कागद लवकर होतो. भारतातही पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईत आली तेव्हा सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली होती. पाठोपाठ अडीच रुपयांची नोटही आली, तिच्यावर ‘दोन रुपये आठ आणे’ असं छापलेलं. म्हणजे कागदी चिल्लर ही घाईची आणि टंचाईची खूण असते.

या तियिनच्या नोटा फार दिवस हातोहात फिरल्या नाहीत. भाव चढले, सोम घसरला, आणि एका तियिनमध्ये काही येईनासं झालं. त्यामुळे आज त्या मिळतात त्या बहुतेक कोऱ्याकरकरीत. बाजारात ‘पन्नास देशांच्या पन्नास नोटा’ अशी पाकिटं विकतात ना, त्यात हमखास एक तियिन असतो. कोलकात्यात मिष्टी दोईचं एक छोटं भांडं ज्या किमतीत येतं, साधारण त्यात तीही येते. एखादा विक्रेता ‘सोव्हिएत काळातली दुर्मिळ नोट’ म्हणून चढा भाव सांगू लागला तर त्याला नमस्कार करून पुढे चला. ती सोव्हिएतही नाही आणि दुर्मिळही नाही.

त्यांच्या वरच्या तीन, १, ५ आणि २० सोम. एक सोम तांबडी, पाच हिरवट करडी, वीस जांभळी. पण चित्र तिन्हींवर एकच. पुढे घोड्यावर बसलेला मानस, मागे तलास खोऱ्यातली त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर. रंग सोडला तर कलाकाराला तीन वेगळ्या नोटा करायला सवड मिळालेली दिसत नाही. किरगिझस्तानकडे नोटांचा छापखानाही नव्हता, त्या बाहेरून छापून आणाव्या लागल्या.

मानस कोण? किरगिझ महाकाव्याचा नायक. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणारा योद्धा. त्याच्या मुलाचं नाव सेमेतेय, नातवाचं सेयतेक, आणि तिघांची मिळून एक महाकथा. ती लिहून वाचायची नव्हेच, ती गायची. गाणाऱ्याला मानसची म्हणतात. सायाकबाय करालायेव या मानसचीकडून उतरवून घेतलेली आवृत्ती पाच लाख ओळींच्या वर जाते. आपलं महाभारत एक लाख श्लोकांचं धरलं तर ओळी होतात दोन लाख. आणि हा मनुष्य ते मुखोद्गत म्हणायचा. गोंधळी किंवा शाहीर रात्र रात्र आख्यान लावतात हे पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, फक्त इथे रात्री पुष्कळ लागतील.

नोटेवरचा घोडेस्वार मात्र कल्पनेतून काढलेला नाही. तो बिश्केकमधल्या फिलहार्मोनिकसमोरचा पुतळा आहे, शिल्पकार तुर्गुनबाय सादिकोव यांचा, १९८१ साली उभारलेला. साल पुन्हा पाहा, १९८१. म्हणजे सोव्हिएत राजवटीतच, त्यांच्या परवानगीने उभा राहिलेला पुतळा. स्वतंत्र देशाने पहिल्या नोटेवर जे घेतलं ते जुन्या राजवटीलाही चालणारं होतं. यात मला भित्रेपणा दिसत नाही, व्यवहार दिसतो. दोन वर्षांच्या देशात कोण मोठा, कुणी कुणाचा विश्वासघात केला, कुठली टोळी उत्तरेची आणि कुठली दक्षिणेची, या सगळ्यावर अजून बोलणंही झालेलं नव्हतं. मानसला कुणी विरोध करणार नव्हतं. दंतकथेतल्या माणसाने कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं.

आणि मागच्या बाजूची ती कबर. ती चौदाव्या शतकातली, साधारण १३३४ ची. लोक तिला मानसची समाधी म्हणतात. पण दर्शनी भागावरचा शिलालेख सांगतो की ही कनिझेक खातून नावाच्या एका अमीरकन्येची आहे. मग? तर किरगिझ लोकांकडे याचं सुंदर उत्तर आहे. मानसच्या बायकोने, कानिकेयने, शत्रूंनी कबर उद्‌ध्वस्त करू नये म्हणून मुद्दाम खोटा लेख कोरवला! असा युक्तिवाद ऐकला की इतिहासकार डोक्याला हात लावतात आणि मला मात्र फार आनंद होतो. नोटेच्या एका बाजूला दंतकथेतला पुरुष, दुसऱ्या बाजूला खरी इमारत, पण ती दुसऱ्याच बाईची.

इथे जरा थांबून नाशिकला जाऊन येऊ. माझ्या माहितीच्या बऱ्याच मराठी लोकांना नाशिकरोडचा छापखाना माहीत असतो, पण त्याने दोन परक्या देशांच्या पहिल्या नोटा छापल्या हे माहीत नसतं. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत आपली रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचंही काम पाहत होती. त्या काळात पाकिस्तानसाठी सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नेहमीच्याच नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असं जादा छापून दिलं गेलं. ते नाशिकचं काम. पुढे १९७२ मध्ये बांगलादेशाच्या पहिल्या नोटा आल्या, त्याही नाशिकला छापलेल्या. संग्राहक त्यांना नकाशावाल्या नोटा म्हणतात, कारण त्यांवर नव्या देशाचा नकाशा आहे. शंभर टाक्याच्या नोटेवर नकाशाच्या जोडीला शेख मुजीब.

ज्या कोलकात्यातून १९७१ मध्ये बांगलादेशाचं हंगामी सरकार काम करत होतं, थिएटर रोडवरून, त्या शहरात या नकाशावाल्या नोटा आजही सहज सापडतात. माझ्या अल्बममध्ये त्या किरगिझ नोटांच्या शेजारी आहेत. शिस्तप्रिय संग्राहक देशांचे कप्पे खंडाप्रमाणे, वर्णक्रमाने लावतात. मी हे दोन देश मुद्दाम एकमेकांसमोर ठेवले आहेत. दोघांचंही चलन आधी मोठ्या देशाच्या नोटेवर बारीक अक्षरात होतं, दोघांनीही पहिली नोट दुसऱ्याच्या घरी छापून घेतली, दोघांनाही घाई होती. फरक चित्रात आहे. एकाने जमीन दाखवली आणि जिवंत नेता दाखवला, दुसऱ्याने दंतकथा.

आता १९९४ ची मालिका. माझ्या मते खरी गोष्ट हिच्यात आहे.

वर्षभरात किरगिझ लोकांचं ठरलेलं दिसतं. मानस पुढच्या बाजूवरून उतरला आणि त्याच्या जागी खरी माणसं आली, प्रत्येक नोटेवर वेगळी. १ सोमवर अब्दिलास माल्दिबायेव, संगीतकार आणि गायक, किरगिझ ऑपेराच्या उभारणीतलं मोठं नाव. ५ सोमवर बुबुसारा बेयशेनालियेवा, लेनिनग्राडला शिकलेली बॅले नर्तकी. ही १९२६ ची, अवघ्या ४७ व्या वर्षी गेली. २० सोमवर तोगोलोक मोल्दो आणि १०० सोमवर तोक्तोगुल सातिलगानोव, दोघेही ‘अकिन’, म्हणजे तीन तारांचं कोमुझ वाजवत जागेवर कवन रचणारे शाहीर. तोक्तोगुलला १८९८ च्या आंदिजान उठावानंतर झारच्या सरकारने सायबेरियात पाठवलं होतं. राहिल्या दोन, १० आणि ५० सोम. त्यांच्यावर मी सावकाश बोलणार आहे.

दहा सोमवर चष्मा लावलेला एक तरुण माणूस आहे. कासिम तिनिस्तानोव. जन्म १९०१. भाषाशास्त्रज्ञ, कवी, काही काळ आपल्या प्रजासत्ताकाचा शिक्षणमंत्री. किरगिझ भाषेला आधुनिक लिपी देण्याच्या कामात त्याचं नाव पहिलं घ्यावं लागतं. आधी अरबी लिपी सुधारून, मग १९२० च्या दशकात लॅटिन अक्षरांवर बेतलेली वर्णमाला. शाळेची पुस्तकं, व्याकरण, सगळं त्याच्या हातून गेलं. १९३७ मध्ये स्टालिनच्या काळात त्याला अटक झाली आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये गोळी घातली. वय ३७. घरच्यांना प्रेतही मिळालं नाही. त्याची लॅटिन वर्णमालाही फार टिकली नाही, १९४० च्या सुमारास ती काढून रशियनची सिरिलिक लिपी आणली गेली.

मग १९९१ साली बिश्केकजवळ चोंग-ताश इथे, एका जुन्या विटभट्टीत, १३७ माणसांचे अवशेष सापडले. त्यात तिनिस्तानोव होता. लेखक चिंगिझ ऐतमातोव यांचे वडील तोरेकुलही त्यातच होते. आज तिथे ‘अता-बेयित’ नावाचं स्मारक आहे, त्याचा अर्थ आपल्या पूर्वजांचं दफनस्थान.

आता नोटेवरचं साल पाहा, १९९४. खड्ड्यातून बाहेर काढल्यापासून तीन वर्षांत तो माणूस देशाच्या नोटेवर होता. आणि त्या नोटेवरची अक्षरं सिरिलिक आहेत, म्हणजे त्याने घडवलेली नव्हेत, त्याची पुसून टाकून आणलेली. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. देश त्याच लिपीत लिहितो, आजही. पण हातात भिंग घेऊन ती नोट पाहताना मला दर वेळी हे टोचतं. हीच नोट ‘वर्ल्ड करन्सी’च्या पाकिटात चिल्लर म्हणून येते आणि घेणाऱ्याला चष्म्यातला हा माणूस कोण ते ठाऊक नसतं.

पन्नास सोमवर कुर्मानजान दात्का. १८११ ते १९०७, म्हणजे जवळजवळ शंभरी. अलाय पर्वतातल्या टोळ्यांची ही प्रमुख. नवरा अलिमबेक १८६२ मध्ये मारला गेला, आणि कारभार हिने हाती घेतला. बुखाऱ्याच्या अमिराने तिला ‘दात्का’ ही पदवी दिली, जी पुरुष सरदारांना मिळायची. मराठी वाचकाला अहिल्याबाई आठवतील, ते साहजिक आहे. पुढचा भाग मात्र वेगळा. १८७६ मध्ये रशियन फौजा आल्या तेव्हा लढून टोळ्या संपवायच्या की मान तुकवून वाचवायच्या, यात तिने दुसरा मार्ग घेतला. १८९५ मध्ये त्याच रशियनांनी तिच्या एका मुलाला ओशमध्ये जाहीर फाशी दिली. तेव्हाही तिने आपल्या लोकांना शस्त्र उचलू दिलं नाही. यावर मतं असू शकतात, माझंही अजून ठरत नाही. १९०६ मध्ये मानरहाइम नावाचा रशियन सैन्यातला फिनिश अधिकारी तिथून गेला, त्याने घोड्यावर बसलेल्या या म्हातारीचा फोटो काढला. वय नव्वदीच्या पुढे. हाच मानरहाइम पुढे फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. पन्नास सोमच्या मागच्या बाजूला उझगेनचा मनोरा आणि मकबरा आहेत.

पूर्ण मालिका एका ओळीत मांडली की लक्षात येतं, राष्ट्राध्यक्ष नाही, सेनापती नाही, पक्षाचा कुणी सरचिटणीस नाही. संगीतकार, नर्तकी, भाषाशास्त्रज्ञ, दोन शाहीर आणि एक राज्यकर्ती. आपल्याकडे १९९६ पासूनच्या मालिकेत रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या नोटांवर गांधीजी आहेत. त्यात एक शहाणपण आहे, निवड करायचा वादच नको. किरगिझ लोकांनी वाद पत्करला आणि सहा जागा भरल्या. एवढ्या छोट्या देशाला हे जमलं याचं मला कौतुक वाटतं. शिवाय सहातल्या दोन बायका. मानसचंही विसरले नाहीत. २००० साली ५०० सोमची नोट आली तिच्यावर सायाकबाय करालायेव आहे, ते पाच लाख ओळींचं मानस गाणारा मानसची. आधी नायक, मग त्याला जिवंत ठेवणारा गायक.

आता कुणाला हा संग्रह करावासा वाटला तर चार व्यवहाराच्या गोष्टी.

कोलकात्यात असाल तर आधी दोन इमारती पाहा. डलहौसी चौकातलं, म्हणजे आताच्या बी.बा.दी. बागेतलं, करन्सी बिल्डिंग. १८३३ ची इमारत, १८६८ पासून सरकारी चलनाचं कार्यालय, आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली तेव्हा तिचं पहिलं मुख्य कार्यालय इथेच होतं. ती मोडकळीला आली होती, दुरुस्त होऊन २०२० मध्ये पुन्हा खुली झाली. दुसरं, काउन्सिल हाउस स्ट्रीटवरचं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय. नोट म्हणजे काय हे तिथे डोळ्यांनी कळतं. खरेदीसाठी न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ कलकत्ताचं वार्षिक प्रदर्शन चांगलं, विक्रेते एका छताखाली येतात आणि नोट हातात घेऊन पाहता येते.

पाहताना नोट तिरपी धरून उजेडात न्या. घडीची रेषा दिसली की ती कोरी नाही. काही लोक घडी घालवायला नोट धुतात आणि इस्त्री करतात. अशी नोट सपाट दिसते पण मलूल लागते, कागदाचा करकरीतपणा गेलेला असतो आणि छपाईचा उठाव बोटाला जाणवत नाही. तिचे कोऱ्याचे पैसे देऊ नका. सहा नोटांत २० सोम १९९३ ची कोरी मिळवायला जास्त दाम आणि जास्त थांबणं लागतं, १९९४ ची १०० सोमही तशीच. बाकी स्वस्त आहेत. आणि गुंतवणूक म्हणून हे अजिबात घेऊ नका. दहा वर्षांनी दुप्पट होतील असं सांगणारा माणूस नोटा विकणारा असतो.

कोलकात्याची हवा नोटेची शत्रू आहे. आषाढ-श्रावणात इथे मीठ पाणी सोडतं, तर कागदाचं काय होत असेल. पिवळट तपकिरी ठिपके पडतात, ते जात नाहीत. साध्या मऊ पीव्हीसीचे कप्पे टाळा, ते काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिएस्टरचे कप्पे घ्या. अल्बम उभा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या नोटांजवळ ठेवू नका. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे जन्मपत्रिकेपासून गुणपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस आहे. लॅमिनेट केलेली नोट संग्रहातून मेली.

कायद्याचं बरेच जण विचारतात. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशी नाणी कितीही बाळगता येतात. परदेशी चलनी नोटांना मात्र एकूण दोन हजार अमेरिकी डॉलरच्या किमतीची मर्यादा आहे. तियिन आणि सोम जमवून ती मर्यादा गाठायची तर पोती लागतील, पण त्याच कपाटात युरो-डॉलरही ठेवत असाल तर हिशेब असू द्या.

शेवटचं, आणि हे फक्त कोलकात्यासाठी नाही. गेल्या काही वर्षांत हजारो भारतीय मुलं बिश्केक आणि ओशला एमबीबीएस करायला गेली आहेत, त्यात महाराष्ट्रातली कितीतरी. तुमच्या नात्यात, सोसायटीत कुणी तरी असेलच. किरगिझस्तानने २००८ मध्ये नाणी काढली आणि १ व ५ सोमच्या नोटांची जागा नाण्यांनी घेतली. त्यांचं ३ सोमचं नाणंही मागवा, तीनचं नाणं हा सोव्हिएत काळातल्या तीन रूबलच्या नोटेचा वारसा आहे, आपल्याला असं नाणं हातात घ्यायला गंमत वाटते. पण माल्दिबायेवची १ सोमची किंवा बेयशेनालियेवाची ५ सोमची नोट त्या मुलाला एखाद्या जुन्या दुकानात सुट्यात मिळाली, तर त्याला सांगून ठेवा, पाकिटात दुमडू नकोस. अ‍ॅनाटमीच्या जाड पुस्तकात मधोमध ठेव आणि सुट्टीत येताना पुस्तकासकट घेऊन ये.